खतकारखान्यामागचा पांढरा ढीग

मी एक जुना ढीग आहे. खतकारखान्याच्या मागे पडलेला, पांढरा, टेकडीएवढा. मित्रांनो, पडलेला म्हटलं तरी मला स्वस्थता कशी ती नाही. वारा सुटला की मी उडतो, पाऊस लागला की झिरपतो.

माझा जन्म खडकातून झाला. खडक दळून आम्लात कालवला, की पिकाला हवं ते सत्त्व वेगळं होतं. उरतो तो मी, जिप्सम. खडकातला रेडियमचा किंचित अंशही माझ्याच वाट्याला आला. सत्त्वाचं खत होऊन ते पोत्यांतून शेतोशेती गेलं, त्याचं कौतुक झालं. मला इथे ओतून सगळ्यांनी पाठ फिरवली.

पुढे एक गवंडी आला. त्याने मला भाजून, पाण्यात कालवून पाहिलं. मी घट्ट झालो तसा तो खूश झाला. माझ्या विटा पाडून त्याने लेकीसाठी मागची खोली बांधली. लेकीने भिंतींना फिकट हिरवा रंग दिला. बाळाला गारठा लागू नये म्हणून ती खिडकी घट्ट लावून घेई. प्रथमच मी कुणाच्या तरी कामी आलो होतो. पण जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्यातल्या त्या रेडियममधून एक वायू सतत निघतो, त्याला ना रंग ना वास. उघड्यावर तो विरून जातो. त्या बंद खोलीत तो साचत होता, आणि मला तो थांबवता येत नव्हता.

मग माझी पाहणी करायला तपासनीस बाई आल्या. माझा माल कुठे गेला याची चौकशी करत त्या गवंड्याच्या घरी पोचल्या. खोलीत तो वायू मोजायचं यंत्र ठेवलं, आकडा जास्त आला. गवंडी ऐकेना. भिंतीला ओल नाही, तडा नाही, असंच म्हणत राहिला. बाईंनी समजावलं, की लगेच कुणाला काही होणार नाही, पण वर्षानुवर्षं तो वायू छातीत गेला तर कॅन्सरचा धोका वाढतो. लेक बाळाला खांद्यावर घेऊन दोघांकडे बघत होती.

शेवटी गवंड्याने विचारलं, "बाई, तुमचं नातवंड असतं, तर इथे निजवलं असतं?"

"नाही, काका."

त्याने बाळाचं अंथरूण पुढच्या खोलीत नेलं आणि हातोडा उचलला. हिरवे तुकडे हातगाडीतून माझ्याकडे परत आले. "आधी कुणी सांगायला नको होतं?" एवढंच तो म्हणाला.

ती खोली नंतर कारखान्याने मातीच्या भाजक्या विटांनी बांधून दिली. मलाही हलवलं. खाली जाड अस्तर, वर माती, मातीवर गवत. आता माझा प्रत्येक भाग आधी मोजतात. मर्यादेत असेल तो घरांपासून दूर रस्त्याच्या भरावात जातो, थोडा क्षार साचून घट्ट झालेली चोपण जमीन सुधारायला जातो. बाकीचा मी इथे चुळबुळत असतो. अस्तर फाटलं आणि मी खालच्या पाण्यात झिरपलो तर?

मित्रांनो, माझ्यातला तो अंश तुमच्या नातवंडांच्या नातवंडांनंतरही उरेल. मला भिऊ नका. फक्त इथून जाताना कारखान्याच्या फाटकावर विचारत जा, "ढिगाखालचं पाणी शेवटचं कधी तपासलं?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.