सपाट धर म्हणावं

थोरल्याचा आणि धाकट्याचा अबोला अकरा वर्षांचा झाला होता आणि त्याची तब्येत ठणठणीत होती. थोरला सुतार, धाकटा वायरमन. थोरल्यानं केलेल्या एका कपाटाला धाकट्यानं वायरीसाठी भोक पाडलं, ते मागच्या फळीऐवजी दर्शनी दाराला. थोरला गिऱ्हाइकासमोर "आंधळा" म्हणाला. धाकटा म्हणाला, "कपाटच उलटं उभं केलंयस." ते त्यांचं शेवटचं संभाषण. तेव्हापासून सगळा व्यवहार मधल्या बहिणीमार्फत चालायचा. "त्याला म्हणावं, मीठ सरकव," असं थोरला सांगायचा आणि ती उजवीकडून डावीकडे तोंड फिरवून "मीठ सरकव" म्हणायची. मीठ पुष्कळदा तिच्याच हातात असायचं.

सोन्याचं खूळ बहिणीचंच. ती नर्स होती. ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण मिळतात, अगदी नवशिक्यांनाही, असं तिला एका पेशंटनं सांगितलं. पेशंट तेव्हा एकशेतीन तापात होता, पण तिनं ते मनावर घेतलं नाही. तिनं एक पॅन आणला, एक माहितीपत्रक आणलं, थोरल्याकडून लाकडाची लांब पन्हळ करून घेतली आणि दोघा भावांना आठ दिवस रजा टाकायला लावली.

पॅनमध्ये वाळू घोळवायची. हलकं वाहून जातं, जड तळाशी राहतं. पहिल्या दिवशी असे सात कण दिसले, शिंक आली असती तर गेले असते एवढे. पन्हळीचं काम मोठं. ती ओढ्यात उताराला लावायची, वरच्या तोंडाशी फावड्यानं वाळू टाकायची. पाणी वाळू घेऊन जातं आणि सोनं तळाच्या आडव्या पट्ट्यांमागे, खालच्या केसाळ चटईत अडकतं. चटई एकदाच, शेवटच्या दिवशी, तिघांसमक्ष धुवायची असा बहिणीचा कायदा होता. म्हणजे आठ दिवसांची कमाई, असलीच तर, त्या चटईत होती. माहितीपत्रकात एकच वाक्य ठळक होतं: पन्हळ उचलताना सपाट ठेवा, शेपूट खाली गेलं की सोनं गेलं.

शेवटच्या दिवशी दुपारी बहीण टेकाडापलीकडे उभ्या जीपमधून चहा आणायला गेली. जाताना तिनं काठावरची लाल बादली उचलून दोघांच्या मधल्या दगडावर ठेवली. "मी येईपर्यंत हिला सांगा काय सांगायचं ते."

ती दिसेनाशी झाली आणि वरच्या अंगाला भोंगा वाजला.

"खाणीचा भोंगा," धाकटा बादलीला म्हणाला. "जेवणाची सुट्टी झाली."

"बरोबर आहे म्हणावं," थोरला बादलीला म्हणाला. अकरा वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं आणि ते साफ चुकीचं होतं.

भोंगा पुन्हा वाजला तेव्हा थोरल्याची नजर पलीकडच्या फलकावर गेली. त्यावर लिहिलं होतं: तीन भोंगे होताच धरणाचं पाणी सुटेल, पात्रात थांबू नये. आठ दिवस त्या फलकावर थोरल्याचा शर्ट वाळत होता. आत्ताच वाऱ्यानं तो उडाला होता.

"पन्हळ उचलायची म्हणावं! लगेच!"

धाकटा पुढचं तोंड धरायला धावला. दोघांनी ती पालखीसारखी उचलली. धाकटा पुढे, हात मागे करून, पाठमोरा. थोरला मागे, शेपटाशी. काठ वीस पावलांवर होता.

"सपाट धर म्हणावं!"

"धरलीय म्हणावं! त्यानंच मागून खाली सोडलीय म्हणावं!"

चौथ्या पावलाला थोरल्याच्या पायाखालचा धोंडा फिरला. त्याच्या शेजारचाही फिरला आणि दोघांनी मिळून त्याचा डावा घोटा चिमट्यात धरल्यासारखा धरला. त्यानं ओढून पाहिलं. हलेना. बूट दोरीचा होता. गाठ सोडली असती तर पाय निघाला असता, पण त्यासाठी दोन्ही हात हवे होते आणि दोन्ही हातांत आठ दिवस होते.

तिसरा भोंगा झाला.

पन्हळ पुढे ओढली गेली. थोरल्यानं ती धरून ठेवली.

"थांबलाय कशाला म्हणावं?" धाकटा मागं न बघता ओरडला.

थोरल्यानं बादलीकडे तोंड केलं. "त्याला म्हणावं, जरा अडचण आहे."

पाणी पोटरीला लागलं. मघाशी ते घोट्याला होतं. त्याचा आवाजही बदलला. इतका वेळ ओढा पुटपुटत होता, आता घसा खाकरल्यासारखा वाटत होता. त्यात बादलीला सांगितलेलं धाकट्यापर्यंत अर्धंच पोचलं.

"कसली अडचण म्हणावं?"

"त्याला म्हणावं, माझा पाय..."

तेवढ्यात बादली हलली. पाणी दगडावर चढलं होतं. बादलीनं एक गिरकी घेतली, दोघांकडे एकेकदा पाहिल्यासारखं केलं आणि निघाली. वळणावर ती दिसेनाशी झाली.

आता सांगायला कुणीच उरलं नव्हतं. पाणी गुडघ्याला आलं.

थोरल्यानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, फक्त त्याला कुणाच्या नावानं पाठवायचं हे ठरत नव्हतं. ओढ्याला सांगावं, तर ओढा फितूर. पन्हळीला सांगावं, तर ती त्याचीच. अकरा वर्षांत तो एकदाही आधी बोलला नव्हता. तेवढी एकच गोष्ट त्यानं धाकट्यापेक्षा जास्त जपली होती. पाण्यासोबत एक अख्खी फांदी आली, त्याच्या मांडीवर आदळली आणि पुढे गेली. तो आडवा होता होता वाचला. पन्हळ मात्र सपाट होती.

"अरे," तो म्हणाला.

धाकट्याची पाठ ताठ झाली.

"अरे, पाय अडकलाय!"

धाकट्यानं मान वळवली. पूर्ण नाही, अर्धी. "कुणाला सांगतोयस?"

"तुला, गाढवा! इथं दुसरं आहे कोण?"

धाकटा वळला. त्यानं पाणी पाहिलं, थोरल्याची मांडी पाहिली आणि पन्हळ खाली केली.

"सपाट! सपाट धर!" थोरला किंचाळला.

"सोड."

"आठ दिवस आहेत त्यात!"

"दादा, सोड!"

थोरल्याची बोटं उघडेनात. धाकट्यानं पन्हळ हिसकली आणि सरळ उलटी केली. चटई सुटली, पाण्यावर क्षणभर केस पसरून तरंगली आणि गेली. धाकट्यानं रिकामी पन्हळ तिरकी धरून तिचं टोक दोन धोंड्यांच्या फटीत घातलं आणि दुसऱ्या टोकावर पोट टाकून तो लोंबकळला. लाकूड कुरकुरलं. पाणी थोरल्याच्या कमरेला आलं.

"मोडेल ती!"

"तू केलेली आहे ना? मग नाही मोडत!"

धोंडा बोटभर सरकला. पाय निघाला, बूट राहिला. धाकट्यानं त्याची कॉलर धरली आणि दोघं कधी चालत, कधी पोहत, बराच वेळ नुसतेच वाहत खालच्या काठाला लागले. एका झुडपाला धरून वर आले. मागे वळून पाहिलं तेव्हा पात्र दुप्पट रुंद झालं होतं आणि फलकही पाण्यात होता.

थोरला उताणा पडून धापा टाकत होता. घोट्यावर लिंबाएवढी सूज आली होती. धाकटा उकिडवा बसून पाणी ओकला, तोंड पुसलं आणि खाली बघू लागला. थोरला कोपरावर उठला. आता हा पुन्हा गप्प बसला तर?

"ते कपाट," तो घाईघाईनं म्हणाला, "उलटं नव्हतं."

धाकट्यानं मान वर केली. "उलटंच होतं."

"मी बनवलेलं मला कळत नाही?"

"मग कड्या मागच्या बाजूला कशाला होत्या?"

"त्या भिंतीला टांगायला होत्या, अकलेच्या कांद्या!"

टेकाडावरून बहीण धावत आली. एका हातात थर्मास, दुसऱ्यात एकात एक घातलेले तीन पेले, तोंडाचं पाणी पळालेलं. दोघं जिवंत दिसले तसा तिनं थर्मास खाली ठेवला. तिनं खाली बसून आधी थोरल्याचा घोटा दाबून पाहिला. हाड शाबूत होतं. मग सवयीनं तिनं उजवीकडे तोंड केलं.

"दादा, त्याला काय सांगू?"

"तू मध्ये पडू नकोस गं. आम्ही बोलतोय."

"तिच्यावर कशाला ओरडतोस?" धाकटा म्हणाला. "कड्यांचं बोल."

बहिणीनं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग ती जरा लांब एका दगडावर जाऊन बसली आणि पेले मांडले. भांडण अजून पहिल्याच वर्षात होतं, पुढची दहा वर्षं बाकी होती. तिनं तिन्ही पेले भरले आणि एकेक करून, अजिबात घाई न करता, तिन्ही स्वतःच प्यायली.