मलमलीचा तुकडा

थोरलीने कात्री उचलली आणि धाकटीचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच थांबला.

"काय गं, दोरा तुटला?" थोरलीने मान न वळवता विचारलं.

"नाही जाऊबाई. चालू द्या तुमचं," धाकटी म्हणाली खरी, पण तिची नजर कात्रीच्या टोकावर होती.

टेबलावर काळं लोकरी कापड पसरलेलं होतं आणि टेबलाला खेटून वकीलबाई उभ्या होत्या. "वडिलांनी जपून ठेवलेलं कापड आहे हो. जेमतेम कोटापुरतं. मागच्या शिंप्याने एका कापडाची वाट लावली, म्हणून म्हटलं या वेळी डोळ्यांदेखत कापून घ्यावं."

"बघा की. आमच्या कात्रीला कुणाची नजर लागत नाही," थोरली म्हणाली.

दोघी जावा. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या, दुकान मात्र एकच राहिलं, सासऱ्यांनी घालून दिल्याप्रमाणे: थोरलीने कापायचं, धाकटीने शिवायचं. मधली बरीच वर्षं बोलणं कामापुरतंच होतं. "बाही?" "झाली." "काजं?" "उद्या." मग एकदा ग्रंथालयातल्या बाई झंपर घ्यायला आल्या आणि आपलं जाडजूड पुस्तक दुकानात विसरून गेल्या. मिठाच्या किल्ल्याची राणी, राखेची नदी, मेलेल्या सैन्याला पैलतीरी नेणारा म्हातारा नावाडी. वेळ जात नाही म्हणून थोरलीने ते उघडलं. एवढं काय आहे त्यात म्हणून मग धाकटीने. त्यानंतर दोघींनाही कशालाच वेळ मिळेनासा झाला.

"पुढे खंडावर खंड आहेत," ग्रंथालयातल्या बाई हसत म्हणाल्या. "उशाला घेता येतील एवढाले. कुणी मागत नाही, ठेवा दुकानातच."

राणीवर विषप्रयोग झाला त्या दिवशी धाकटीने एका गृहस्थांच्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या जोडल्या. एरवी थोरलीने उभं जाळलं असतं. त्या दिवशी तिने निमूटपणे उसवायला घेतलं.

वाचायचा पहिला मान थोरलीचा. खंड संपला की त्यात किनारीची पट्टी खुणेला घालून ती तो टेबलावरून सरकवायची. पुढचं सांगायचं नाही, हा नियम. पण पुस्तकात कुणी मरणार असलं की सकाळी धाकटीच्या मशीनवर मलमलीचा एक तुकडा ठेवलेला असायचा, चारी कडा सुतासारख्या सरळ. "लागेल," थोरली म्हणायची. त्यापुढे अवाक्षर नाही. एका स्वयंपाकघरात जे जमलं नव्हतं, ते या तुकड्यांवर जमलं.

आणि काल नावाडी गेला. थोरलीचा लाडका, "आपला म्हातारा". धाकटी पदरात तोंड खुपसून रडली; डोळे टिपायला मशीनवर तुकडाच नव्हता. डोळे पुसून तिने सहज विचारावं तसं विचारलं, "म्हातारा पुढे काय करतो हो?"

"करतो की काहीतरी. वाच, कळेल," थोरली हसून म्हणाली.

तेव्हाच धाकटीला उमगलं, थोरलीने तो खंड शेवटपर्यंत वाचलेलाच नव्हता. आज सकाळी बटणांच्या डब्यात तळाशी डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली सापडली, आणि उरलीसुरली शंका फिटली.

काळ्या कापडावर थोरलीने कागदी नमुन्याच्या कडेला बोट लावून खडू ओढला होता, तोवर सगळं ठीक होतं. आता नमुना बाजूला झाला होता. ती वाकली, गाल कापडाला लागेल इतकी वाकली. कात्रीचं टोक खडूच्या रेषेपासून चांगलं बोटभर आत टेकलं.

"थांबा जाऊबाई!" धाकटी उठलीच. "लोकरीवरचा खडू झटकला जातो. धावदोरा घालायचा राहिला की माझा."

"हे काय नवीन?" वकीलबाई म्हणाल्या. "मागच्याने नव्हता घातला."

"म्हणून तर वाट लागली ना त्या कापडाची."

कापण्याआधी कापडाला सुई लावलेली थोरलीला आजवर खपली नव्हती. ती सरळ झाली. कात्री तिने बाजूला ठेवली.

"घाल," ती शेवटी म्हणाली.

धाकटीने जाड दोरा घेतला. खडूच्या रेषेवर ठसठशीत टाके घातले आणि प्रत्येक वळणाआधी एक गाठ मारली. मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली. मशीन चालवायचं सोंगही तिला जमेना.

थोरलीने डावा अंगठा दोऱ्यावर ठेवला. कर्र. कात्री चालली. गाठ आली की थांबायची, कापड फिरवायची, पुन्हा कर्र. पाठ सुटली, पुढचे भाग सुटले. बाहीच्या वरच्या गोलाईपाशी कात्री थबकली. अंगठा मागे गेला, पुढे आला, चाचपडला. धाकटीच्या लक्षात आलं, तिथली गाठ घाईत नीट बसलीच नव्हती.

"काय झालं?" वकीलबाई पुढे झुकल्या. "चुकलं की काय?"

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, आवाज जमेल तेवढा साधा ठेवून, "आपला म्हातारा नाव कशी वळवतो? वल्हं थांबवून, डावीकडे. तशी घ्या."

"कोण म्हातारा?" वकीलबाईंनी विचारलं.

"आहेत आमच्यातले एक. नावाडी आहेत."

थोरलीच्या ओठाचा कोपरा हलला. "खडक कुठे आहे?"

"अंगठ्याच्या पुढेच."

कात्री वळली. पाण्यातून नाव वळावी तशी, कुठेही न अडखळता. बाही सुटून टेबलावर पडली.

"हात बसलाय हो तुमचा," वकीलबाई म्हणाल्या आणि समाधानाने गेल्या.

थोरली स्टुलावर टेकली. "कधी कळलं?"

"काल."

"घरी बोललीस?"

"नाही."

"डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकलं तरी नशीब." ती कात्रीवरून बोट फिरवत राहिली. "ही गेली की या दुकानात मी कोण गं?"

धाकटी उठून शेल्फाकडे गेली. शेल्फावर शेवटचा खंड होता, राणीचं काय होतं ते त्यात होतं, आणि तो तिला कालपासून हाका मारत होता. तिने तो मागे सरकवला आणि नावाडी जातो तो आधीचा काढला.

"खरं सांगा, कुठवर वाचलंत?"

"राणी पूल जाळते तिथवर. पुढच्या अक्षरांच्या मुंग्या झाल्या."

धाकटीने ते पान काढून पुस्तक मांडीवर पालथं घातलं. मग हात पुढे केला. थोरलीने क्षणभर वाट पाहिली आणि सासऱ्यांची कात्री तिच्या हातात दिली. ती धाकटीला वाटली होती त्याहून जड निघाली. तिने मलमलीचा एक तुकडा कापला आणि थोरलीच्या हातात ठेवला.

"लागेल," ती म्हणाली.

थोरलीने विचारलं, "कोण गं?"

"ते सांगायचं नसतं."

थोरलीने तुकड्याच्या चारी कडांवरून सावकाश अंगठा फिरवला.

"वाकडा कापलायस," ती म्हणाली. मग त्याची घडी करून ती मुठीत धरून बसली. "हं. वाच."