उलटा उतार

धाकटीच्या यंत्राचा आराखडा मंजूर झाला तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या थोरलीनं वाजवल्या. मनातून मात्र ती जळत होती.

दोघी सख्ख्या बहिणी, एकाच प्रयोगशाळेत. सुसाट धावणाऱ्या धातूच्या आतला फोटो काढायचा तर क्ष-किरणांचा झोत पापणी लवायच्या आत येऊन विझायला हवा. त्यासाठी क्ष-किरणांच्या नळीला तितकाच झटपट विजेचा तडाखा द्यावा लागतो. तो देणारं यंत्र थोरलीनं तरुणपणी उभं केलं होतं. खोलीएवढी टाकी, आत तेलात बुडवलेले, वीज साठवणारे कपॅसिटर. सगळे त्याला ‘म्हैस’ म्हणत. फोटो जरा पुसटच यायचे. धाकटीचं यंत्र म्हशीच्या निम्म्यानं आणि तडाखा कितीतरी तीक्ष्ण.

“म्हशीला आता पेन्शन द्या,” जेवताना कुणीतरी म्हणालं. थोरलीही हसली, पण ताट तसंच टाकून उठली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी आराखडा तपासायचं काम तिलाच दिलं. सासूनं नव्या सुनेच्या स्वयंपाकात खडा शोधावा, तशी ती कामाला लागली. स्विच पाहिले, कपॅसिटर पाहिले, तारांची लांबी मोजली. सगळं चोख. त्यानं तर तिचा आणखीच तिळपापड झाला.

“एवढं काय शोधतेयस?” नवऱ्यानं विचारलं.

“चूक.”

“आहे का पण?”

“असेल ना कुठंतरी!”

आणि सापडली. तेलाची बाजू आणि क्ष-किरणांची निर्वात नळी यांच्यामध्ये प्लास्टिकचं एक जाड, उतरतं कडं असतं. उतार कुठल्या बाजूला ठेवायचा ते विजेच्या दिशेवर ठरतं. तो उलटा पडला, तर ठिणगी कड्याच्या अंगावरून सरपटत जाते आणि नळीची वाट लागते. धाकटीनं विजेची दिशा बदलली होती. उतार जुनाच होता.

थोरलीला उकळ्या फुटत होत्या. धाकटीला एकटीला गाठून सांगता आलं असतं, पण ती भर बैठकीत उभी राहिली. “हा उतार उलटा आहे.”

धाकटीनं पडद्यावरच्या आराखड्याकडे पाहिलं. मनातल्या मनात गणित केलं आणि तिचा चेहरा उतरला.

“अगंबाई, खरंच की.” मग ती हळूच म्हणाली, “हे कडं तुझ्या यंत्रातलं आहे, ताई. बाकी सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. हे तुझं, म्हणून हातच लावला नाही.”

थोरलीनं पडद्यावरचं कडं पुन्हा नीट पाहिलं. इतके दिवस डोळ्यांत तेल घालून पाहत होती, आणि स्वतःच्या हातची रेघ तिला ओळखू आली नव्हती.

कडं दोघींनी मिळून नव्यानं काढलं. चाचणीच्या दिवशी धावत्या तुकड्यातली केसाएवढी चीर फोटोत लख्ख उमटली. “बहीण असावी तर अशी,” प्रमुख बाई थोरलीकडे बघून म्हणाल्या. ते काही तिला सोसवेना. सगळे पांगल्यावर ती धाकटीला म्हणाली, “मी तुला तोंडघशी पाडायला चूक शोधत होते.”

“ठाऊक आहे,” धाकटी म्हणाली. “लागलं मला ते. पण चूक राहणार नाही, याची खात्रीही तेव्हाच पटली. माया करणाऱ्याला कुठं काय दिसतं?”

एवढं शहाणपणही हिलाच सुचावं! थोरली पुन्हा धुमसली. तिनं फोटो जवळ ओढला, चष्मा पुसला. डाव्या कोपऱ्यात किंचित धूसर होतं.

“इथं बघ,” ती म्हणाली आणि धाकटीसाठी शेजारची खुर्ची ओढली.