पारूबाईंनी मला दिलेली सुट्टी

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. आइस्क्रीम मागू नका हं! माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांवर माणसांच्या गाठींचे तुकडे असतात. छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत मी नवाकोरा आलो, तेव्हा सगळे कौतुकानं हात फिरवायचे. मग नव्याची नवलाई सरली. माझ्या धोक्याच्या भोंग्याची बॅटरी संपली, ती बदलायचंही कुणाला सुचलं नाही.

सिल्लोडकडचे मेंढपाळ सांडूभाऊ यांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग होता; पण संथ चालीचा. गेल्या वर्षी काखेत नवी गाठ आली. आजार बिथरला की काय? आमच्या संशोधक दिपालीताईंना जुन्या आणि नव्या गाठीतले लांब आरएनए रेणू ताडून पाहायचे होते. त्यांच्यापासून प्रथिनं बनत नाहीत, म्हणून पूर्वी लोक त्यांना बिनकामाचे समजत. पण पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं, यात त्यांतल्या काहींचा हात असतो. त्यांचं प्रमाण बिघडलं की आजार जोर धरू शकतो. मात्र ऊब लागली की आरएनए नासतात. आणि जुन्या गाठीचा एकच तुकडा उरला होता, माझ्याजवळ.

इथं साफसफाई करणाऱ्या पारूबाई म्हणजे सांडूभाऊंची सख्खी बहीण. खंडेनवमीला सकाळी त्यांनी मला हळदकुंकू लावलं, दाराच्या मुठीला झेंडूची माळ घट्ट बांधली.

“माझ्या भावाला सांभाळतूस, लई राबतूस रे बाबा. आज अवजाराला सुट्टी. निवांत पड,” म्हणाल्या आणि चक्क बटण बंद केलं!

मी ओरडणार कसा? भोंगा मुका. जीव नुसता टांगणीला लागला.

दुपारी दिपालीताई आल्या, तर माझा तापमानाचा आकडा विझलेला. “मावशी, बटण कुणी बंद केलं?”

“म्याच. सणाचा दिवस हाय ना... काय झालं ताई?”

कळल्यावर पारूबाईंनी कपाळावर हात मारला. “माझ्याच हातानं भावाचं वाटोळं केलं व्हय म्या?”

ताईंनी बटण दाबलं. आकडा उजळला, उणे साठ!

“वाचलो, मावशी! सकाळपासून दार कुणी उघडलं नाही?”

“नाय. पूजेची माळ कोण तोडंल?”

त्या माळेनंच दार बंद राहिलं आणि गारवा आतच टिकला. हुश्श!

पुढं आरएनए शाबूत निघाले. दोन्ही गाठींत फारसा फरक नव्हता, आणि डॉक्टरांच्या तपासणीतही तेच आलं. आजार अजून संथच होता. पारूबाई आनंदानं ढसाढसा रडल्या. मला नवी बॅटरी मिळाली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची पूजा जरूर करा, पण आधी आमचा भोंगा वाजतो का तेवढं बघा.

यंदाच्या खंडेनवमीला माळ घेऊन खुद्द सांडूभाऊ आले. माळ बांधून झाली आणि अवजाराला सुट्टी द्यायला त्यांचा हात बटणाकडं गेला.

“ए दादा, हात नको लावू!” पारूबाई ओरडल्या. “त्याला सुट्टी नाय!”

दोघं बहीणभाऊ पोट धरून हसले. माझी घरघर चालूच होती.