माद्यांच्या घोळक्यात

कीटो शहरात चार दिवस राहून आलेले सोळा पाहुणे ओफेलियाने सकाळी बेटावर उतरवले होते. परतताना होडीत पंधराच भरले आणि भरती चढत होती. ती धावत खडकापलीकडे गेली. सत्तरीच्या ग्रासिएलाबाई फोटो काढता काढता समुद्रसिंहाच्या माद्यांमध्ये शिरल्या होत्या आणि त्यांच्यासमोर भलामोठा नर गुरगुरत होता.

"आजी, पळू नका! पाठ फिरवू नका!"

"पळायला गुडघे कुठे आहेत, पोरी?" बाईंचा आवाज कापत होता.

ओफेलिया वीस वर्षं या बेटांवर लोकांना फिरवत होती. अशाच एका नराने मागे तिच्या सोबत्याची पोटरी फाडली होती. ती बाईंच्या पुढ्यात ताठ उभी राहिली आणि जोरजोरात टाळ्या वाजवू लागली. नर चाल करून आला आणि दोन हात अंतरावर थांबला. त्याच्या श्वासातला मासळीचा वास तिच्या तोंडावर आला, तरी ती हलली नाही. एकेक पाऊल मागे घेत दोघी खडकाआड पोचल्या, तेव्हा कुठे तो वळला.

होडीत बाईंनी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"अजून वाटतेय," ओफेलिया म्हणाली आणि तिला रडू फुटलं.