घरासोबत आलेली खुर्ची

मित्रांनो, मी सलूनमधली जुनी खुर्ची आहे आणि सध्या एका जोडप्याच्या दिवाणखान्यात मधोमध उभी आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "ही इथे कशाला?" पण मला कोणी विचारत नाही. म्हणून आपणहून सांगते.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. लोखंडाचा तापलेला रस साच्यात ओतला आणि थंड झाल्यावर माझा पाय बाहेर आला. पाय एकच. इतर खुर्च्यांना चार असतात, पण त्यांना गरकन फिरता येतं का? पुढे मला लाल रेक्झिन चढवलं, डोकं टेकायला उशी दिली आणि मी वस्तरेकाकांच्या दुकानात आले. त्यांचं खरं नाव गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. हातात सदैव वस्तरा, म्हणून वस्तरेकाका. त्यांनी मला बोल्ट मारून फरशीत पक्कं बसवलं आणि म्हणाले, "आता तू कुठे जात नाहीस, आणि मीही नाही." मला वाटलं, माणसं बोलतात तसं बोलले.

आमचे दिवस मजेत गेले. माझ्यावर बसलं की माणसं डोळे मिटत आणि तोंड उघडत. कोणाची सून रुसली, कोणाचा जावई फिरकत नाही, सगळं काकांच्या कानी पडे. "खुर्ची कसली, पाळणा आहे पाळणा!" असं म्हणत एक वकील माझ्यावर चक्क घोरायचे. मी आनंदाने करकरायची.

काका गेले ते काम करता करताच. जन्मभर दुसऱ्यांना बसवलं. स्वतः माझ्यावर पहिल्यांदा बसले ते मेल्यानंतर. आणि मग उठलेच नाहीत.

दुकानाचं शटर खाली आलं. मला तेल मिळेना, अंगावर धूळ साचली. तरी अधूनमधून मी फिरायची. वारा नसतानाही.

मग एक दलाल या जोडप्याला घेऊन आला. खाली दुकान, वर खोल्या. नवरा इथलाच, बायको परदेशातली.

"खुर्ची निघत नाही हो," दलाल म्हणाला. "दोन मिस्त्री लावून पाहिले. दोघं हत्यारं टाकून पळाले आणि कारण सांगत नाहीत. घरासोबत आली समजा. फुकट."

"फुकट?" नवऱ्याचा चेहरा उजळला. झालं, घर ठरलं आणि दुकानाचा दिवाणखाना झाला.

बायकोने तिकडचं स्वतःचं घर विकून यात घातलं होतं. पण परक्या माणसाचं नाव इथे घराला सरळ लागत नसे. आधी नोंदणी कार्यालयातले साहेब घरी येणार, ही खरोखर इथे नांदते का, भाषा बोलते का, शेजारीपाजारी ओळखते का ते पाहणार, आणि मग नाव.

"नाव नाही लागला तर?" ती मोडक्यातोडक्या भाषेत विचारी.

"अगं, लागेल."

"नाही लागला, तर मी पाहुणी. तिकडे घर नाही, इथे नाव नाही. पाहुणी जाणार कुठे?"

तिचं नाव मोठं अवघड होतं. लग्नाआधी नवऱ्याने आरशासमोर उभं राहून त्याचा सराव केला होता, म्हणे. गल्लीला ते जमेना. गल्लीने त्याचे कोपरे तासून तोंडात मावेल एवढं केलं. आणि नवऱ्याचंही हळूहळू "अगं"वर भागू लागलं.

रोज दुपारी ती भाषेचं पुस्तक घेऊन माझ्यावर बसे.

"ही गादी गरम का?"

"ऊन येत असेल, अगं."

त्या खोलीला खिडकीच नव्हती.

मित्रांनो, माझ्यात आधीच कोणीतरी बसलेलं होतं. तुम्हाला वाटेल, म्हातारं माणूस, सरकून जागा देईल. काका सरकणाऱ्यांतले नव्हते.

तिची भाषा भराभर सुधारली. जरा जास्तच. शेजारच्या मावशी वाटीभर साखर मागायला आल्या, तेव्हा ही म्हणाली, "मावशी, यजमानांचे कल्ले वरखाली झालेत. हल्ली कोणाकडे बसतात? त्याचा हात कापरा आहे, सांगा त्यांना." मावशी रिकाम्या वाटीनेच परत गेल्या.

"अगं, हे कुठे शिकलीस?" नवरा हसत म्हणाला.

"कुठे म्हणजे? दुकानात."

तो हसायचा थांबला. पण साहेब यायचे होते आणि बायको अस्खलित बोलत होती. लक्ष्मी टिळा लावायला आली असताना कुंकू कुठून आणलं हे कोण विचारतो?

साहेब आले. छातीपर्यंत दाढी, काखेत कागद. मला पाहून दारातच थबकले.

"या, बसा," ती म्हणाली.

"नको, उभाच बरा आहे."

"बसा हो, लाजता काय!"

ते बसले. तिने सवयीने त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल खोचला. ही सवय तिला कधी लागली, ते नवऱ्याला आठवेना.

"शेजारी कोण राहतं?" साहेबांनी घसा खाकरून विचारलं.

तिने सगळी गल्ली सांगितली. कोणाच्या डोक्यात कोंडा, कोणाचा कलप घामाने ओघळतो, कोण टक्कल लपवायला उजवीकडचे केस डावीकडे नेतो. मग साहेबांच्या डोक्याकडे पाहत म्हणाली, "तुम्हाला दोन भोवरे. लग्न मात्र एकच. एक भोवरा वाया गेला बघा."

साहेबांनी डोक्यावरून हात फिरवला. "हे... हे फक्त वस्तरेकाका म्हणायचे."

"मान सरळ ठेवा. तुमचा उजवा गाल राहिलाय."

साहेब पांढरेफटक पडले. नवऱ्याकडे वळून पुटपुटले, "काका माझी दाढी करतानाच गेले हो. अर्ध्या फेसानिशी मी घरी पळालो. तेव्हापासून दाढीला हात लावू दिला नाही कोणाला." त्यांनी घाईघाईने कागद उघडला. "इथल्याच आहेत या. काही शंका नाही. फक्त नाव सांगा."

मी अर्धी गिरकी घेतली. कोणी ढकललं नव्हतं.

ती नाव बोलली. आईने ठेवलेलं, स्वतःचंच नाव. पण गल्ली म्हणायची तसं, कोपरे तासलेलं.

"असं नाही," नवरा कसाबसा म्हणाला. "अगं, तुझं नाव असं नाहीये."

"मग कसं आहे?" तिने विचारलं. अगदी मनापासून.

त्यालाही चटकन आठवेना. तोवर साहेबांनी ऐकलं तसं लिहिलं, शिक्का मारला आणि टॉवेलसकट गेले.

घराला नाव लागलं. आता संध्याकाळी तिच्या आईचा फोन येतो. आई पडद्यावरून तिला हाक मारते, आणि ती मागे वळून पाहते, कोणाला बोलावताहेत म्हणून.

नवरा हल्ली पुन्हा आरशासमोर उभा राहतो. सासूबाईंच्या फोनवरून ऐकून ऐकून ते नाव घोकतो. काल त्याने ते नीट उच्चारलं, तेव्हा तिच्या हातातली कात्री क्षणभर थांबली. माझ्या गादीत कोणीतरी नाराजीने हललं.

मित्रांनो, मला तेल घाला, माझी धूळ पुसा, एवढं तर मी मागणारच. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात लांबून माणूस आलं, तर त्याला रोज त्याच्या नावाने हाक मारा, त्याच्या आईने मारली असती तशी. "अगं"वर भागवू नका. जागा रिकामी दिसली की कोणी ना कोणी येऊन बसतंच. हे मला कोणी शिकवायला नको. मी खुर्ची आहे.