दुसरा गिअर सटकला नाही त्या दिवशी

मी जुनी जीप आहे, मित्रांनो, आणि हे सगळं सांगताना मला फार लाज वाटते आहे. माझ्या बोनेटवर एक चकचकीत स्टिकर आहे, 'नालावीर'. पुसदची पोरं मला टेकून फोटो काढतात आणि म्हणतात, "काय गाडी आहे राव!" तेव्हा वाटतं, हे स्टिकर कोणीतरी नखाने खरवडून काढावं.

आधी चांगलं सांगते, म्हणजे वाईट सांगायला धीर येईल. माझी उमेदीची वर्षं पुसदजवळच्या एका तांड्यावर गेली. मालक भावसिंग. त्यांचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचे. भावसिंग मला घेऊन तांडा ते पुसद एवढंच फिरायचे, पण ऐट तीच! बाजाराच्या दिवशी माझ्यात चौदा माणसं आणि दोन बकऱ्या बसायच्या. दारं कधीच गळून पडली होती, त्यामुळे ती लावायची कटकट नव्हती.

मला एक खोड होती. चढ लागला की माझा दुसरा गिअर सटकायचा. भावसिंग गुडघ्याने दांडा दाबून धरायचे आणि मला मनसोक्त शिव्या घालायचे. त्यांनाही एक सवय होती. तांड्याची वाट नाल्यात उतरायची, थोडी नाल्यातूनच वर जायची आणि मग पलीकडच्या काठावर चढायची. तिथे ते मला थांबवत, चपला हातात घेऊन अख्खी पाणवाट चालून येत, आणि मगच मला पाण्यात घालत. एकदा त्यांची बायको लालीबाई मागच्या बाकावर कळा देत होत्या. भर दुपार होती आणि दवाखाना गाठायचा होता. तरी भावसिंग उतरलेच.

"आता काहून उतरून राह्यले?" लालीबाई ओरडल्या.

"पायाले कळते, चाकाले नाही कळत," म्हणाले आणि गेले पाण्यात.

पलीकडच्या चढावर माझा गिअर सटकला, आणि ममता माझ्याच बाकावर जन्मली. बोलायला लागल्यापासून ती मला 'माहीवाली जीप' म्हणायची. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे तांड्याला दुसऱ्या बाजूने डांबरी रस्ता झाला, एसटी आली आणि माझं काम संपलं. चार पावसाळे मी बाभळीखाली उभी होते. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालायच्या. कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. मग पुसदचा टायरवाला सुनील आला. भावसिंगांनी त्याला त्याच नाल्यातून मला चालवून दाखवलं आणि बजावलं, "दुसरा गिअर सटकते, भाऊ. आन् पाण्यात घालाच्या आधी उतरून पाह्यजो." सुनील हसला.

त्याने मला उंच टायर बसवले, चार मोठे दिवे लावले, लाल रंग दिला. खोटं कशाला बोलू, मी फुगले.

गेल्या डिसेंबरात जीपवाल्यांची तीन दिवसांची सफर निघाली. अकरा गाड्या, चारही चाकांना जोर लावणाऱ्या, फक्त आडवाटांनी. पहिल्या दिवशी टेकड्या आणि चिखल झाला. तिथे मी जेमतेम निभावले. दोनदा रुतले, दोनदा दुसऱ्या गाडीने दोर लावून ओढलं, आणि सगळे हसले. दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या ओळखीच्या नाल्यावर आलो.

माझ्या जुन्या पाणवाटेत आता बांध होता. तांड्याने दिवाळीनंतर तो श्रमदानाने घातला होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरली होती, बायकांनी दाभण-सुतळीने तोंडं शिवली होती, आणि पोती एकावर एक रचून पाणी अडवलं होतं. त्या पाण्यावर काठाची विहीर होळीपर्यंत पुरायची, आणि तांड्याला प्यायला तेवढीच विहीर होती. विहिरीचं मला नंतर कळलं. पण पोती मला लांबूनच दिसली होती, मित्रांनो. शिवलेली पोती कोणी उगीच रचून ठेवत नाही, एवढं मला कळत होतं.

सफरीची वाट झाडांना लाल फिती बांधून आखलेली होती. ती बांधाच्या खालून, दगडांवरून नाला ओलांडत होती. सुनील म्हणाला, "तिकडून काय मजा? मले इथली जुनी वाट माहीत आहे." तो उतरला नाही. त्याने मला सरळ बांधावर घातलं.

"चढव! चढव!" लोक ओरडत होते. सगळ्यांचे मोबाइल माझ्याकडे वळले होते. पुढची चाकं पोत्यांवर चढली. दुसरा गिअर थरथरायला लागला. आता सटकणार, मी मागे घसरणार आणि बांध वाचणार, हे मला समजत होतं. पण टाळ्या पडत होत्या हो! चार वर्षं बाभळीखाली काढली होती मी. मी दात आवळले आणि गिअर धरून ठेवला. जन्मात पहिल्यांदा. पोती फाटली, वाळू निसटली, आणि मी पाणी उडवत पलीकडच्या काठावर जाऊन उभी राहिले. मागे पाणी धो-धो चाललं होतं.

आवाज ऐकून लालीबाई आणि ममता धावत आल्या. ममता आता कॉलेजात जाते. ती तशीच पाण्यात शिरली आणि फाटकी पोती हातापायांनी दाबून धरायला लागली. पाणी काही थांबेना. लालीबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"हे तं आपली जीप हाय वं, ममता."

ममताने वरसुद्धा पाहिलं नाही. आईला म्हणाली, "नाही, याडी. आपली जीप असं करत नाही."

सुनील म्हणाला, "सॉरी काकू, सफर संपली की येतो." तेवढ्यात पुढच्या गाड्यांचे हॉर्न वाजले आणि आम्ही निघालो. तिसऱ्या दिवशी मला ते स्टिकर मिळालं.

आठ दिवसांनी सुनील मला धूत होता. पुढच्या आसाला सुतळी गुंडाळलेली होती, पाच-सहा हात तरी असेल. तिच्यावर दाभणाच्या टाक्यांच्या गाठी होत्या. तो ती सोडवत बसला. मग पोती घेतली, चार मित्र घेतले आणि मला घेऊन तांड्यावर गेला.

लालीबाईंनी त्याला पोत्याचं तोंड शिवायला शिकवलं. चांगलं चार वेळा उसवायला लावलं. संध्याकाळपर्यंत बांध पहिल्यासारखा उभा राहिला. पण वरून येणारी धार त्या आठ दिवसांत आटली होती. अडवायला पाणीच उरलं नव्हतं.

भावसिंग काठीवर भार देत माझ्याजवळ आले. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून त्यांनी सुनीलला विचारलं, "दुसरा गिअर सटकला नाही का रे त्या दिवशी?"

"नाही काका. त्या दिवशी नाही सटकला."

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सटकाले पायजे होता."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संक्रांतीलाच विहिरीचा तळ दिसला. आता दर दोन दिवसांनी मी पुसदहून पाण्याचे ड्रम नेते. चढावर गिअर सटकतो, पाणी हिंदकळून सांडतं. ममता ड्रम उतरवते, पण माझ्याशी बोलत नाही.

मित्रांनो, गाडी घेऊन रानात जरूर जा. पण वाटेत कोणी काही रचलेलं, शिवलेलं, अडवलेलं दिसलं, तर खाली उतरून बघा. कोणी टाळ्या वाजवत असेल तर आधी उतरा. सुनील आता उतरतो. तांड्यावर जाताना बांधाच्या खालून नाला ओलांडायचा असला की मला थांबवतो, चपला हातात घेतो आणि पाणवाट चालून येतो. त्याचे पाय कोरडेच असतात.